झुलत्या खुर्चीची कमान

माझा नवरा मुन्सफसाहेबांच्या ओसरीवर खुर्चीसकट उताणा पडला, तेव्हा मी घरी भाकरी थापत होते. पण ते पडणं मला इतक्या जणांनी, इतक्या तऱ्हांनी आणि इतक्या चवीनं सांगितलं, की आता मीच ते समोर उभं राहून पाहिलंय असं वाटतं. आधी खुर्ची मागं गेली, मग ह्यांचे पाय वर आले, मुंडासं निसटून फरशीवर घरंगळलं, आणि मग धाड. जाफराबादेत बाजारचा दिवस होता. ओसरीखाली आमच्या गावची माणसं जमलेली, तिथले बघे वेगळेच. हसायला कुणी कमी केलं नाही.

एकटे मुन्सफसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "क्या मिस्त्री, कुर्सी बनाए की गाडी?" ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे हसण्यापेक्षा ते जास्त लागलं.

जाफराबादेपासून दोन कोसांवर आमचं गाव. तेव्हा निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. मी माहेरची जालन्याची. तिथल्या मुलींच्या शाळेत चार वर्ग शिकले, म्हणून मला लिहिता येतं. सासरी माझ्या लिहिण्याचा उपयोग लोकांची पत्रं वाचून दाखवण्यापलीकडं कुणी केला नाही. आता म्हातारपणी मी तो करून घेतेय. कुणाला आवडो न आवडो.

सासर सुताराचं, पण टेबल-खुर्च्यांचे सुतार नव्हेत. गाड्यांचे. चार पिढ्या चाकंच केलेली. बैलगाडीच्या चाकाचा घेर काही एका लाकडाचा नसतो. सहा वाकडे तुकडे एकमेकांत बसवून तो गोल होतो, आणि त्यावर लोखंडाची धाव तापवून चढवायची. ते सहाही तुकडे अगदी एका वाकाचे लागतात. एक जरी तुकडा जास्त वाकला तरी चाक लंगडतं. बैलाच्या मानेला ते आधी कळतं, गाडीवानाला मागाहून. म्हणून आमच्या घरात एक फर्मा होता. शिसवाची, पातळ, चंद्रकोरीसारखी वाकलेली फळी, सासऱ्यांच्या आज्यानं केलेली. हाताच्या तेलानं ती काळी कुळकुळीत झाली होती. ती लाकडावर ठेवायची, कोळशानं रेघ मारायची आणि रेघेबरहुकूम वाकसानं तासत जायचं. दसऱ्याला पहिलं कुंकू देवाला नाही, त्या फर्म्याला. मामंजी म्हणायचे, "देव रागावत न्हाई. त्यालाबी रथ लागतोय."

आता माझ्या नातवाच्या कारखान्यात टेबलाच्या पोटातून वर आलेलं एक पातं गरगर फिरत असतं. फर्म्याला लाकूड पक्कं करायचं आणि टेबलावरून सरकवायचं, की फर्म्याचा वाक जसाच्या तसा लाकडात उतरतो. राऊटर म्हणतात त्याला. मला ते यंत्र आवडतं, उगाच नावं का ठेवू? पण फर्माच चुकलेला असला तर ते पातंही चूकच कापणार, आणि फार जल्दी कापणार. आमच्याकडं चूक व्हायलासुद्धा चार दिवस लागायचे.

तर त्या चुकीची गोष्ट. मुन्सफसाहेब न्यायाधीशाच्या नोकरीतून मोकळे होऊन जाफराबादेत राहायला आले होते. त्यांची कंबर धरलेली. हैदराबादेत कुणाकडं तरी त्यांनी पुढं-मागं झुलणारी खुर्ची पाहिली होती आणि तीत बसल्यावर दुखणं थांबलं होतं. कुठल्याशा इंग्रजी दुकानाच्या सूचीतलं तिचं चित्र त्यांनी फाडून ठेवलेलं. ते चित्र घेऊन ते जालन्याच्या मिस्त्रीकडं गेले नाहीत, आमच्याकडं आले. का? तर त्यांनी आमची चाकं पाहिली होती. "जिसका चाक इत्ता गोल, उसको कमान क्या मुश्किल जी?" असं ते म्हणाले. हे ऐकून आमच्या घरात कुणाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत, माझेही नाही.

मामंजींचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. ते ओट्यावर बसून सांगायचे आणि हे करायचे. चित्रातल्या खुर्चीच्या पायांखाली दोन लांब वाकड्या पट्ट्या होत्या, त्यांच्यावरच ती झुलायची. मामंजींनी चित्र दूर धरून बघितलं आणि निर्णय दिला, "कमान ती कमान. आपला फर्मा हाय की."

मग काय! सागवान आलं. ह्यांनी पंधरा दिवस त्या खुर्चीत जीव ओतला. हात टेकायच्या दांड्या तर अशा वाकवल्या, की मनगट ठेवलं की आपसूक जागेवर बसावं. सरळ रंधा वाकावर चालत नाही, म्हणून आधी वाकस, मग पटाशी, मग कानस, आणि शेवटी कंदिलाच्या फुटक्या चिमणीच्या काचेनं खरवडून खरवडून तुळतुळीत केलेलं. खालच्या दोन कमानी बाभळीच्या, फर्म्याबरहुकूम. एकीवर एक ठेवल्या तर मधून केस जाणार नाही. चूक होती, पण इतकी सुबक चूक मी नंतर पाहिली नाही.

खुर्ची घरी रिकामी ढकलून बघितली. छान पुढं-मागं झाली. बसून मात्र कुणी बघितलं नाही. आमच्याकडं रिवाज होता, की दुसऱ्याच्या बसण्याच्या जागी करणाऱ्यानं आधी बसायचं नाही. बाज विणली तरी तिच्यावर आधी टेकायचं नाही. मामंजी त्याबाबतीत बिलकुल ऐकायचे नाहीत. पण तिकडं ओसरीवर साहेबांनीच हुकूम केला, "पहले तुम बैठो." हे बसले, मागं रेलले, आणि पुढचं सांगितलंच.

साहेबांनी खुर्ची परत गाडीत चढवायला लावली. ईदेला त्यांच्याकडं पाहुणे येणार होते. ते म्हणाले, ईदेच्या आधी जमलं तर आणा, नाहीतर मी हैदराबादेहून मागवतो. भला माणूस. दुसऱ्या कुणी एवढंही म्हटलं नसतं.

खुर्ची गेली असती तरी आम्ही मेलो नसतो. झालं ते वेगळंच. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली. तिच्या आधी सगळ्या गावाच्या गाड्या आमच्या दारात. कुणाच्या चाकाचा आरा ढिला, कुणाची धाव निसटलेली. त्या बाजारानंतर तिसऱ्या दिवशी माळावरचे मळेवाले आले. गावातले सगळ्यात मोठे गाडीवाले तेच, आणि जीभही सगळ्यात लांब त्यांचीच. दुरुस्तीला टाकलेली चाकांची जोडी त्यांनी गड्याकडून उचलायला लावली आणि ओट्याकडं बघत म्हणाले, "न्हाई, म्हणलं, खुर्ची पडली तर माणूस पडतंय. गाडी पडली तर बैल मरतील माझे." दोन दिवसांत आणखी दोन जोड्या गेल्या, शेजारच्या गावच्या सुताराकडं.

त्या रात्री मामंजी जेवायला बसले. भाकरी मात्र त्यांनी ताटातच ठेवली. मी ताट उचलायला गेले तेव्हा म्हणाले, "सूनबाई, चार पिढ्यांत पहिल्यांदा आपल्या दारातून चाक माघारी गेलं." आणि ह्यांचं तर विचारूच नका. त्यांनी खुर्ची परसात नेऊन टाकली, तोंड भिंतीकडं करून. तीन दिवस वाकसाला हात लावला नाही. चाकाचा सुतार, आणि चाकाला हात लावायला भ्यायला! मला त्यांची दया आली हे खरं, पण त्याहून जास्त राग आला. पडलेला माणूस उठतो. हे आडवेच राहिले होते.

माझी थोरली तेव्हा झोळीतली. झोळी माजघराच्या आढ्याला बांधलेली. मी पायानं झोका देत ज्वारी पाखडत होते, आणि डोक्यात ती खुर्चीच. पोर चुळबुळी. ती झोळीत कशीही वळली, एका अंगावर झाली, पाय झाडले, तरी झोळी आपली पुढं जाऊन परत जागेवर. मी जोरात झोका दिला. तरी परत. मुद्दाम वाकडा दिला. तरी परत. मी सूप खाली ठेवलं. ही परत येते, मग खुर्ची का येत नाही?

उत्तर वर होतं. झोळीचा मध्य आढ्याला, पोरीच्या कितीतरी वर. पोर खालून लोंबतेय, ती जाईल कुठं? आणि चाकाचा मध्य असतो आसावर. चाकाच्या फर्म्यानं केलेल्या कमानीवर माणूस बसवला, की तो मध्य येतो त्याच्या पोटापाशी. माणूस मागं रेलला की सगळा भार मध्याच्या पलीकडं, आणि चाक तर जिकडं भार तिकडं पळणारच. त्याच्याकडून दुसरी काही अपेक्षाच नाही. रिकाम्या खुर्चीत वर भारच नव्हता, म्हणून ती शहाण्यासारखी परत येत होती.

हे मला असं नीट वाक्यांत सुचलं नाही. पण पोटात कळलं, आणि कळल्यावर मला दम धरवेना. मी परसातून खुर्ची आत ओढत आणली. ह्यांना म्हटलं, "बसा."

"डोस्कं फिरलंय का तुझं?"

"बसा म्हणतेय न्हवं. मी धरते मागून."

बसले. मी भिंतीवर त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीवर खिळा ठोकला. खिळ्याला दोरी बांधली, ती जमिनीपर्यंत सोडली, टोकाला कोळसा अडकवला, आणि दोरी ताठ धरून पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली. कमानच ती, पण फर्म्यापेक्षा कितीतरी पसरट. हे खुर्चीतून वळून बघत राहिले. त्यांना अजून काही समजलं नव्हतं, पण तोंड उघडं राहिलं होतं, म्हणजे समजायला सुरुवात झाली होती.

तेवढ्यात मामंजी आत आले, तसे हे खुर्चीतून टुणकन उठले.

"हे काय काढून ठेवलंस भिंतीवर?"

"कमान हाय, मामंजी. खुर्चीची."

"खुर्चीची कमान त्या खुंटीवर हाय." त्यांनी फर्म्याकडं बोट दाखवलं.

आता इथं गप्प बसणं शहाणपणाचं होतं. पण शहाणपण हा माझा गुण कधीच नव्हता. मी म्हटलं, "ती चाकाची हाय. चाक जायासाठी असतंय. साहेबाला कुठं जायाचंय? त्यांना तर तिथंच बसायचंय."

सून सासऱ्याच्या आज्याची चूक काढत होती, आणि तीही भिंत काळी करून. मला वाटलं आता माहेरची वाट. मामंजींनी ती दोरी हातात घेतली. थरथरत्या हातानं डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नेली, परत आणली. दोनदा. तीनदा. मग खिळ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "डोस्क्याच्या वर दोन बोटं अजून घे. साहेब उंच हाय."

एवढंच. मी त्या माणसाला आजवर पुष्कळ वेळा मनात शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी सगळ्या परत घेतल्या.

पण रेघ मारणं सोपं. त्या रेघेचं लाकूड कुठून आणायचं? कमान सरळ फळीतून कापली तर तिचे धागे तुटतात आणि टोकं उडतात. ज्या लाकडाला जन्मापासून तसा वाक आहे तेच घ्यावं लागतं. आमच्याकडं बाभळीची वाकडी लाकडं ओढ्याच्या डोहात मुरत पडलेली आणि मग मांडवाखाली सुकत ठेवलेली, पण ती सगळी चाकाच्या वाकाची. ह्यांनी सगळा मांडव उलटापालटा केला. मामंजी काठी टेकत कोपऱ्यात गेले आणि एका लांब लाकडावर काठी वाजवली. ते नांगराच्या हाळसासाठी राखलेलं होतं, म्हणजे नांगरापासून बैलांच्या जुवापर्यंत जाणारी ती लांब दांडी. तिला हलकासा वाक लागतोच. आम्ही भिंतीवरच्या रेघेचा आंब्याच्या फळीत नवा फर्मा उतरवून घेतला होता. तो त्या लाकडावर ठेवला. बराबर बसला. केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

मामंजींचा हात थरथरत होता, पण नजर कुठं थरथरत होती?

आता त्या एका लाकडाच्या उभ्या दोन फाळ्या करायच्या, म्हणजे दोन्ही कमानींचा वाक आणि धागा एकच राहतो. त्याला मोठी करवत लागते, आणि ती ओढायला दोघं. माझा दीर नवीन जालन्यात सरकी काढायच्या कारखान्यात कामाला गेलेला. गावातलं कुणी बोलवावं तर बोभाटा. आणि बायकांनी हत्यारांना दसऱ्याच्या दिवशी कुंकू लावण्यापलीकडं हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नकळत हत्यार ओलांडलं तरी पाया पडायला लागायचं.

हे करवतीचं एक टोक धरून उभे होते. मी पदर खोचला आणि दुसरं धरलं.

मामंजींनी बघितलं. मग ते उठले, ओट्यावर गेले आणि रस्त्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून बसले. जे दिसलं नाही ते झालंच नाही, असा त्यांचा हिशेब. थोड्या वेळानं ते जोरात खोकले. मला वाटलं ठसका लागला, पाणी द्यावं. बाहेर डोकावले तर मळेवाले रस्त्यानं येत होते! मी करवत सोडून झाडू धरला आणि भुसा लोटायला लागले. मळेवाले गेल्यावर मामंजी पुन्हा खोकले, हळू. मी पुन्हा करवत धरली. दोन दिवस असं चाललं. गावात बातमी पसरली की म्हाताऱ्याला खोकला झालाय, आणि दोघीजणी अडुळशाचा पाला घेऊन आल्या.

करवत ओढण्यात एक गंमत आहे, ती ओढल्याशिवाय कळत नाही. ढकलायचं नसतं. आपण फक्त आपल्याकडं ओढायचं, मग समोरच्यानं त्याच्याकडं ओढायचं. मी पहिल्या दिवशी ढकलत होते, आणि पातं वाकायला लागलं. हे म्हणाले, "माझ्या वाटणीचं मला करू दे की." आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. मला वाटतं एकमेकांच्या मापानं काम करायला आम्ही त्या लाकडावर शिकलो.

दोन्ही फाळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडून ह्यांनी एकदमच तासल्या. वाकसाचा एकेक घाव एवढा हलका, की ढलपी कागदासारखी निघत होती. मी दर थोड्या वेळानं नवा फर्मा लावून उजेडाकडं धरायचे. फर्मा आणि लाकूड यांच्या मधून उजेड दिसला की तिथं खूण. मग कानस, मग काच. काचेचं काम ह्यांनी मला आपणहून दिलं. माझी बोटं कापली, पण टोकापासून टोकापर्यंत हात फिरवला की कुठंही थांबत नव्हता. त्या गुळगुळीतपणाची मला इतकी हाव सुटली, की स्वयंपाक करताना मध्येच उठून मी त्यावर हात फिरवून यायचे. कणकेचे डाग पडले म्हणून ह्यांची बोलणीही खाल्ली.

कमानी पायांना बसवल्या. मामंजींची अट तीच: दुसऱ्याच्या जागी बसायचं नाही. मी पुष्कळ भांडले, पण एका आठवड्यात म्हाताऱ्याकडून दोन रिवाज मोडून घेणं जमलं नाही. शेवटी खुर्चीत ज्वारीचं पोतं बसवलं, दोरीनं बांधलं आणि ढकललं. गेलं, आलं. गेलं, आलं. पण पोतं काही मागं रेलत नाही, आणि साहेब रेलणार होते.

ईदेच्या दोन दिवस आधी खुर्ची वाकळेत गुंडाळून गाडीत चढवली. मामंजी या वेळी स्वतः निघाले. गाडीत बसता बसता म्हणाले, "सूनबाई, तूबी चल." मी पोरीला घेऊन मागं बसले. वाटेत मामंजींना डुलकी लागली तशी मी ह्यांना हळूच बजावलं, "माझं नाव काढू नका. आधीच हसतात. त्यात बायकोच्या अकलेनं चालतो म्हणतील, मग जन्मभर चाकं येणार न्हाईत." हे बैलांकडं बघत म्हणाले, "हं." मला ते कबूल झाल्यासारखं वाटलं.

साहेबांच्या दाराशी गर्दी होती. माणूस दुसऱ्यांदा पडणार म्हटल्यावर कोण चुकवतो? मळेवाले तर ओसरीच्या पायरीवरच, पहिल्या रांगेत. मला मात्र बाई म्हणून आत जनान्यात पाठवलं. बेगमसाहेबांनी मला चटईवर बसवलं, पोरीच्या हातावर खारीक ठेवली. ओसरी आणि आमच्यामध्ये चिक सोडलेली, बांबूच्या काड्यांचा पडदा. बाहेरचे आवाज येत होते, दिसत काहीच नव्हतं. इतके दिवस सगळं बघून, मोजून केलं, आणि नेमकं आता मला नुसतं ऐकायचं होतं.

ह्यांचा आवाज आला, "साहेब, मीच बसतो पहिलं."

खुर्ची कुरकुरली. बसले. मग एक लांब कुर्र. मागं गेले. माझ्या कानात ती धाड आधीच वाजत होती. पुन्हा कुर्र. पुढं आले. मागं. पुढं. मग मळेवाल्यांचा आवाज, "टेकून बसा की मिस्त्री, भ्येता काय?" आणि मला कळलं की हे आता मुद्दाम अंग सोडून देणार. खुर्ची मागं गेली, खूप लांब गेली, कुरकुर थांबली.

कुर्र. परत आली.

मग साहेब बसले. बराच वेळ नुसती ती पुढं-मागं कुरकुर. शेवटी म्हणाले, "वल्ला, मिस्त्री! कमर को पता भी नई चला. ये कमान का हिसाब किससे सीखे?"

मी चिकेकडं डोळे वटारून बघितलं, जणू पलीकडून ह्यांना दिसणार होतं. त्यांनी काय सांगायचं ते ठरलेलं होतं. वडिलांनी शिकवलं म्हणायचं आणि उठायचं.

"साहेब, हिसाब माझा न्हाई," हे म्हणाले. "माझ्या मंडळीचा हाय. भिंतीवर दोरीनं कमान तिनंच काढली. आन् करवतबी तिनंच वढली माझ्यासंगं."

बाहेर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हसायला सुरुवात केली. मळेवाल्यांनी तोंड उघडलंच, "म्हंजे सुताराच्या घरात आता बाया—"

"थांबा." हा मामंजींचा आवाज. म्हातारा गर्दीत कधी मोठ्यानं बोलायचा नाही. "आधी माझं आयका. पडली ती खुर्ची माझ्या फर्म्यानं पडली. माझ्या आज्याचा फर्मा. पोरानं म्या सांगितलं तसंच केलं. चूक माझी व्हती, आन् ती माझ्या सुनंनं धरली. चार पिढ्यांत हे कुणाला सुचलं न्हाई. आता ज्याला हसायचंय त्यानं मला हसावं."

कुणी हसलं नाही. मळेवालेसुद्धा नाहीत. त्यांची चाकं अक्षय्य तृतीयेच्या आधी परत आमच्या दारात आली. गड्याऐवजी ते स्वतः घेऊन आले, आणि चाक टेकवताना ओट्याकडं न बघता आत माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, आरा तेवढा बघून घ्या." पण ते नंतरचं.

तेव्हा चिकेच्या अलीकडं मी नुसती बसून होते. चार बायकांत अशा वेळी पदर तोंडाला लावतात, डोळे पुसतात, मान खाली घालतात. मला यातलं काहीएक करावंसं वाटलं नाही. मला गर्व झाला होता. सरळ सांगते, चांगला टोपलंभर गर्व. पाठ आपोआप ताठ झाली.

बेगमसाहेब माझ्याकडं वळून बघत होत्या. त्यांनी माझी कापलेली बोटं हातात घेतली आणि विचारलं, "तुमीच क्या वो?"

"हौ," मी म्हटलं. एवढ्या मोठ्यानं मी सासरी आल्यापासून कधी बोलले नव्हते. बाहेर ओसरीवर सगळ्यांनी ऐकलं.